डॉक्टर खेड्यात का टिकत नाही? मावळच्या खोऱ्यांतून काही उलटे प्रश्न



"डॉक्टर ग्रामीण भागात जायला तयार नाहीत" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे काही वाटेनासे झाले आहे. कोणीतरी मंत्री ते बोलतो, मग एखादा भत्ता जाहीर होतो किंवा एखादा दंड वाढतो, आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा ऐकू येते. आपल्या चळवळीतले कार्यकर्तेही बहुतेक वेळा एकच मागणी करून थांबतात : सक्ती करा, जात नसतील तर डिग्री काढून घ्या. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. डॉक्टरला खेड्यात नेण्यासाठी सरकार जी आमिषे दाखवते आणि जे दंड लावते, ते ठरवताना कोण डोळ्यांसमोर असतो आणि कोण नसतो, हे आधी तपासायला हवे. त्यासाठी मेळघाट किंवा गडचिरोलीला जाण्याची गरज नाही. पुण्या-मुंबईच्या मधला मावळ पुरेसा आहे.

मावळ म्हटले की लोकांना लोणावळ्याची चिक्की, पावसाळी गर्दी आणि एक्सप्रेस-वे आठवतो. महामार्ग आणि लोहमार्गाच्या या पट्ट्यात, म्हणजे देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा इथे डॉक्टरांच्या पाट्यांना तोटा नाही. तळेगावात १९९५ पासून खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोणावळ्यात नौदलाचे स्वतःचे रुग्णालय आहे. कैवल्यधामात १९२४ पासून लोक बाहेरगावाहून येऊन राहून प्रकृती सुधारून जातात. म्हणजे तब्येत सुधारण्यासाठी बाहेरचा माणूस इथे पैसे मोजून येतो!

पण या पट्ट्यावरून उत्तरेला वळलात की आंदर मावळ आणि नाणे मावळ लागते, दक्षिणेला पवन मावळ. टाकव्याच्या पुढे सावळे, खांड, कुसूर. नाण्याच्या पुढे जांभवली. पवनेच्या काठाने तुंगपर्यंत. कातकरी वाड्या, ठाकरवाड्या, महादेव कोळ्यांची गावे, धनगरवाडे आणि आपल्या बौद्ध वस्त्या. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या पावसात ओढा भरला की वाडी तुटते, आणि अडलेली बाई झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावी लागते. तिथून पुढे कान्हे फाटा, तिथे जमले नाही तर पिंपरीचे वायसीएम, आणि तेही नाही म्हणाले तर ससून. मावळच्या धरणांचे पाणी मुंबईला वीज देते, पिंपरी-चिंचवडला पाजते. ९ ऑगस्ट २०११ ला याच पाण्याच्या पाइपलाइनला विरोध करणाऱ्या तीन शेतकऱ्यांचा पोलीस गोळीबारात जीव गेला. शहरापर्यंत पाइप टाकण्यात सरकारची एवढी जिद्द असते. शहरातून एक डॉक्टर खोऱ्यात चढवताना मात्र हेच सरकार हतबल असल्याचे सांगते.

आता सरकारी आमिषांचा हिशेब बघू.

महाराष्ट्र शासनाचा ६ ऑगस्ट २००२ चा एक निर्णय आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त क्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला तिथे असेपर्यंत वरच्या पदाची वेतनश्रेणी, म्हणजे 'एकस्तर', आणि वर प्रोत्साहन भत्ता. हा भत्ता मूळ वेतनाच्या १५ टक्के, पण कमाल १,५०० रुपये. सातव्या वेतन आयोगात गट 'अ'च्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे. त्यासमोर १,५०० रुपये हे आमिष की चेष्टा, ते तुम्हीच ठरवा. पण आमचा मुख्य मुद्दा रकमेचा नाही, नकाशाचा आहे. पाचव्या अनुसूचीतले पुणे जिल्ह्यातले क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या काही भागात आहे. मावळ त्यात नाही. कातकरी ही केंद्र सरकारच्याच यादीतली विशेष दुर्बल जमात. पण ती नकाशावरच्या रेषेच्या या बाजूला राहते म्हणून तिच्या वाडीवर जाणारी सिस्टर 'अवघड' भागात काम करते असे कागद मानत नाही. कागदावर मावळ म्हणजे पुण्याच्या कुशीतला, उद्योगांचा, हॉटेलांचा, दोन नगरपरिषदांचा सधन तालुका.

तालुक्याची सरासरी ही गरिबाची सगळ्यात मोठी शत्रू आहे. लोणावळ्यातला आणि तळेगावातला प्रत्येक खासगी डॉक्टर मोजून तालुक्याच्या लोकसंख्येने भागला की आकडा छान दिसतो. कुसूरच्या धनगरवाड्यावरच्या म्हातारीला त्या भागाकारातून काय मिळते? सरकारचेच निकष सांगतात की डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. मैदानी भागात ५ हजार आणि ३० हजार. म्हणजे डोंगरातले अंतर वेगळे मोजायचे असते हे तत्त्व सरकारला मान्य आहे. इमारत बांधताना जे तत्त्व लावायचे, तेच माणूस टिकवताना का सोडायचे? छत्तीसगडने २००९ च्या सुमारास ग्रामीण वैद्यकीय दल उभे करताना तालुक्यांची नव्हे, एकेका आरोग्य केंद्राची प्रतवारी केली : साधे, अवघड, अतिअवघड, दुर्गम. जितके केंद्र अवघड, तितका भत्ता जास्त. छत्तीसगडमध्ये सगळे आलबेल आहे असे आमचे म्हणणे नाही. पण मोजण्याची पद्धत तरी प्रामाणिक आहे.

दुसरे आमिष पीजीचे. एमबीबीएस झालेल्या कोणत्याही तरुणाला विचारा, त्याचे सगळे लक्ष पीजीच्या जागेवर असते. म्हणून मेडिकल कौन्सिलच्या २००० च्या नियमावलीत तरतूद आली की सरकारी सेवेतल्या डॉक्टरने दुर्गम किंवा अवघड भागात काम केले तर प्रत्येक वर्षामागे प्रवेश परीक्षेतल्या गुणांच्या १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के, वाढीव गुण मिळतील. अवघड भाग कोणता, हे राज्याने ठरवायचे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० ला सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, आणि २०२२ मध्ये महाराष्ट्राने अशा २० टक्के जागा ठेवल्या.

हे चांगलेच आहे. या वाटेने आपली काही मुले-मुली स्पेशालिस्ट होऊ शकतात, कारण लाखो रुपयांचे क्लास लावून एक-दोन वर्षे घरी बसून अभ्यास करण्याची ऐपत त्यांच्याकडे नसते. नोकरी करता करता पीजी हाच त्यांचा रस्ता. पण या आमिषाचा अर्थ नीट पाहा. तीन वर्षे भरली की ३० टक्क्यांची कमाल मर्यादा गाठली. चौथ्या वर्षी त्याच केंद्रात थांबण्यासाठी डॉक्टरला काय मिळते? काहीच नाही. म्हणजे हे खेड्यात राहण्याचे बक्षीस नसून खेड्यातून बाहेर पडण्याचे तिकीट आहे. भरती होते, डॉक्टर टिकत नाही, आणि वाडीतल्या बाईला दर तीन वर्षांनी नव्या अनोळखी माणसाला पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगावे लागते.

तिसरे साधन आमिषाचे नाही, दंडाचे : बंधपत्र. सरकारी महाविद्यालयात शिकलास तर एक वर्ष ग्रामीण सेवा दे, नाहीतर एमबीबीएसला १० लाख, पीजीला ५० लाख, सुपरस्पेशालिटीला २ कोटी भर. १९ ऑगस्ट २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने अशी बंधपत्रे वैध ठरवली. आम्हीही सेवेच्या अटीच्या बाजूने आहोत. जनतेच्या पैशावर शिकलेल्याने जनतेची काही वर्षे सेवा करावी यात अन्याय काय? आमचा आक्षेप 'नाहीतर' या शब्दाला आहे. ज्याच्या बापाचे नर्सिंग होम आहे त्याच्यासाठी १० लाख हा दंड नाही, तो दर आहे. तो दर भरून सुटका विकत घेतो. ज्याचा बाप खडीक्रशरवर किंवा वीटभट्टीवर आहे, त्याला मात्र सेवा करावीच लागते. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी कोण खेड्यात जाणार हे आधीच ठरलेले. नियम अधूनमधून कडक होतात, पुन्हा सैल होतात. पण जोवर पैसे देऊन सुटता येते तोवर त्याला सक्ती म्हणू नये. म्हणून मित्रांनो, 'दंड वाढवा' ही मागणी करण्याआधी विचार करा. दंड वाढला की सुटकेचा दर वाढतो, इतकेच.

इथे खरा प्रश्न येतो. सगळ्या योजना असे गृहीत धरतात की डॉक्टर म्हणजे शहरातला, सुखवस्तू घरातला तरुण, आणि त्याला खेड्यात न्यायचे म्हणजे काहीतरी लालूच किंवा धाक हवा. पण डॉक्टर खेड्यातलाच असेल तर? वस्तीतलाच असेल तर? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्यासाठी मार्गदर्शक शिफारशी काढल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत भत्त्याच्या आधी येते ती शिफारस अशी की ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणात प्रवेश द्या, कारण तेच परत जाण्याची शक्यता जास्त. थायलंडने नव्वदच्या दशकापासून हेच केले : ग्रामीण जिल्ह्यांतली मुले निवडायची, त्यांना त्यांच्या भागाजवळ शिकवायचे, तिथेच नेमायचे.

याचा आपल्या भाषेत अर्थ काय? आरक्षण हे फक्त सामाजिक न्यायाचे साधन नाही, ते आरोग्यसेवा टिकवण्याचेही साधन आहे. 'आरक्षणामुळे डॉक्टरांचा दर्जा घसरतो' असे व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांना हे उत्तर द्या : तुमचा ओपन मेरिटवाला अमेरिकेला गेला, टाकव्याच्या केंद्रात कोण आहे ते बघून या. आणि हे साधन सध्या बोथट केले जात आहे. नीटची तयारी हा लाखोंचा धंदा झाला आहे. आंदर मावळात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, पुढे आश्रमशाळेत गेलेली ठाकर समाजाची मुलगी त्या रांगेत कुठे उभी राहणार? तामिळनाडूने २०२० मध्ये सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी वैद्यकीयच्या ७.५ टक्के जागा राखल्या. महाराष्ट्रात ती अट तशीच लावता येणार नाही, कारण आपल्याकडे सातवी-आठवीनंतर बहुतेक मुले अनुदानित संस्थांच्या शाळांत जातात. पण जिल्हा परिषद शाळा, आश्रमशाळा आणि ग्रामीण अनुदानित शाळा मिळून असा कोटा नक्की बसवता येतो. तो सामाजिक आरक्षणाच्या आत बसवायचा, त्याला छेद देऊन नाही. यावर महाराष्ट्रात चर्चाही नाही, आणि ती आपण सुरू केली नाही तर दुसरे कोण करणार?

काही मित्र म्हणतात, खेड्यासाठी तीन वर्षांचा छोटा अभ्यासक्रम काढा. १९४६ च्या भोर समितीने जुना लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करून एकच पूर्ण पदवी ठेवण्याची शिफारस केली तेव्हाही काही सदस्यांनी विरोध केला होता. खेड्याला डॉक्टर मिळणार नाही अशी त्यांची भीती होती. ती भीती खोटी ठरली नाही. तरीही आमच्यात यावर दोन मते आहेत. शहराला पूर्ण डॉक्टर आणि वाडीला अर्धा, ही वाटणी आम्हाला ओळखीची वाटते.

आता अशी एक गोष्ट, जी प्रोत्साहनाच्या कोणत्याही कागदात सापडत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आलेले पत्र दिले आहे. त्याची पत्नी बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसांच्या मध्यस्थीने आला तो या अटीवर की बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे. त्याने थर्मामीटर तिला थेट दिले नाही. ते एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला, आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने लांबूनच न्यूमोनिया सांगितला, फी घेतली. ती बाई मेली.

त्या गावात डॉक्टर होता. जागा भरलेली होती. सरकारी तक्त्यात ते गाव 'सेवा उपलब्ध' या रकान्यात गेले असते. आज थर्मामीटर असे फिरत नाही, पण कातकरी बाईशी कोणत्या स्वरात बोलले जाते, तिला किती वेळ बाकावर बसवले जाते, 'तुम्ही लोक' हा शब्द किती वेळा येतो, हे ज्यांनी दवाखान्यात सोबत जाऊन पाहिले आहे त्यांना सांगायला नको. म्हणून रिक्त जागा भरल्या की प्रश्न सुटला, असे निदान आपण तरी मानू नये.

आणि याची दुसरी बाजू. आपल्या समाजातून गेलेली मुलगी डॉक्टर किंवा सिस्टर होते तेव्हा व्यवस्था तिला टिकू देते का? डॉ. पायल तडवी आदिवासी समाजातली डॉक्टर होती. २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात तिचा जीव गेला. जातीवरून होणाऱ्या छळाच्या आरोपांचा खटला त्यातून उभा राहिला. खेड्यातली गोष्ट त्याहून साधी आणि रोजची आहे. सरकार म्हणते, कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे. उपकेंद्राचे क्वार्टर गळते, म्हणून सिस्टर गावात भाड्याची खोली बघते. तिला आधी आडनाव विचारतात. आडनाव सांगितल्यावर खोली 'कालच दुसऱ्याला दिली' असते. मग ती रोज तळेगावहून किंवा पिंपरीहून ये-जा करते, रात्री केंद्र रिकामे राहते, आणि ग्रामसभेत ज्या लोकांनी तिला खोली दिली नाही तेच तिच्याविरुद्ध ठराव मांडतात. या सिस्टरला १,५०० रुपयांचा भत्ता देऊन काय होणार? तिला कुलूप लागणारे, न गळणारे, पाणी असलेले सरकारी घर हवे. डॉक्टर टिकवण्यासाठी आम्ही एकच गोष्ट निवडायची झाली तर भत्त्याच्या आधी क्वार्टर निवडू.

नोकरीच्या खालच्या पायऱ्यांवर 'प्रोत्साहन' या शब्दाचा अर्थच बदलतो. डॉक्टरसाठी तो पगारावरचा वाढावा असतो. आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या करारात २५ हजार ठरलेले आणि १५ हजारांपर्यंत 'कामगिरीवर आधारित', म्हणजे ऑनलाइन नोंदी भरल्या तर. आदिवासी जिल्ह्यांत भरारी पथकातले डॉक्टर वर्षानुवर्षे २४ हजारांवर राबले. २०२० मध्ये ते ४० हजार झाले. आणि आशाताईचा तर सगळा पगारच प्रोत्साहन आहे. २००५ पासून तिला कामगार नव्हे, स्वयंसेविका म्हणतात. कामागणिक मोबदला देतात. संप करून, आझाद मैदानात थंडीत बसून २०२४ मध्ये तिने ५ हजारांची वाढ मिळवली. खोऱ्यात खरे टिकून कोण आहे? तीच. बदली मागत नाही, पीजीला जात नाही, रात्री दोन वाजता दार वाजले तर उठते. टिकणाऱ्याला सगळ्यात कमी द्यायचे आणि जो टिकणार नाही हे माहीत आहे त्याच्यामागे आमिषे घेऊन धावायचे, असे हे धोरण आहे.

कंत्राटाचा मुद्दा यातच येतो. आरोग्य अभियानातली पदे कंत्राटी, दर ११ महिन्यांनी धाकधूक. नियमित पदे गोठवली की त्यांच्याबरोबर बिंदुनामावली गोठते, अनुशेष गोठतो, बढतीचा प्रश्नच उरत नाही. बाह्य यंत्रणेमार्फत भरतीचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय तरुणांच्या रेट्यामुळे ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला, हे विसरू नका. रेटा दिला की सरकार हलते. पण तो रेटा आपण तलाठी आणि शिक्षक भरतीसाठी देतो. सिस्टर, लॅब टेक्निशियन, औषध निर्माण अधिकारी यांच्यासाठी कधी दिला?

सरकारने पैसा खर्च करू नये असे आमचे म्हणणे नाही. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्याही उपचारांची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगितले आहे. पैसा खर्च व्हायलाच हवा. तो केंद्रागणिक अवघडपणा मोजून व्हावा, क्वार्टरवर व्हावा, कायम पदांवर व्हावा, चौथ्या-पाचव्या वर्षी थांबणाऱ्यावर व्हावा आणि आपल्या मुलींना सिस्टर-डॉक्टर करण्यावर व्हावा.

मावळच्या कार्यकर्त्यांसाठी काम समोर आहे. टाकवे बुद्रुक, कार्ला, खडकाळा, येळसे, आढले या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी आणि त्यांच्या उपकेंद्रांसाठी माहिती अधिकारात अर्ज टाका. मंजूर पदे किती, भरलेली किती, कायम किती आणि कंत्राटी किती. भरलेल्या कायम पदांचा सामाजिक प्रवर्ग कोणता. क्वार्टर किती आणि त्यात राहणारे किती. गेल्या वर्षी रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत किती बाळंतपणे झाली आणि किती पुढे पाठवली. केंद्र 'अवघड' म्हणून कधी नोंदवले होते का, नसेल तर कोणत्या निकषावर नाही. अर्ज वस्तीतल्या पोरांच्या नावाने जाऊ देत, त्यांनाही सवय होईल. ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होते. जनसुनवाईत अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तरे द्यावी लागली होती. ती पद्धत मावळात आपल्याला स्वतःच्या बळावर उभी करता येईल. वडगावला तहसीलसमोर मांडव टाकायला कोणाची परवानगी लागते ते आम्हाला माहीत आहे.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. दर वर्षी त्या दिवशी तिथे मावळातल्या आणि पिंपरी-चिंचवडच्या वस्त्या येतात. उत्तरे मिळायला तीस दिवस लागतात, अपिलात गेले तर आणखी. यंदाच्या २५ डिसेंबरला पुस्तकांच्या स्टॉलशेजारी प्रत्येक केंद्राचा तक्ता मोठ्या अक्षरात लावायचा असेल, तर अर्ज या महिन्यातच जायला हवेत.

जयभीम! जय संविधान!